‘अण्णा’ आणि मी एकच इसम

“पोच द्या,” असं ते चहालासुद्धा म्हणायचे. माझ्यापुढे कप सरकवला की मी “पोचला” म्हटल्याशिवाय स्वतःचा कप तोंडाला लावायचे नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. थट्टा कुठली! उभी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावक लिपिक म्हणून झालेली. आलेल्या कागदावर शिक्का, क्रमांक, तारीख. गेलेल्या कागदावर शिक्का, क्रमांक, तारीख. कागदात काय लिहिलंय याच्याशी त्यांना कधी देणंघेणं नव्हतं. तो आला कधी, गेला कधी आणि समोरच्यानं त्याची पोच दिली की नाही, एवढंच.

निवृत्त झाल्यावर कचेरीनं त्यांना सोडलं, त्यांनी काही कचेरी सोडली नाही. त्यांच्या पेठेतली, बाळीवेशीतली माणसं त्यांना ‘जावक काका’ म्हणायची. मी नुसतं काका म्हणायची. ते जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल बोलायला लागले की माझा आवाज चढतो, असं घरचे म्हणतात. चढणारच की! माणसानं किती शिस्तीत राहावं याला काही सुमार?

माझं दुकान सात रस्ता चौकाजवळ. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, पॅनकार्ड, जे पडेल ते. आधी ते दुसऱ्या मालकाचं होतं आणि मी तिथं नोकरीला होते. चादर-टॉवेलवाल्यांना वेबसाइट बनवून देणं, त्यांच्यासाठी इंटरनेटवर नाव घेऊन ठेवणं, दरवर्षी त्या नावाची मुदत वाढवणं, हा त्या मालकाचा धंदा. पुढे त्याला प्लॉटिंगचा नाद लागला आणि एक दिवस तो शटर माझ्या हवाली करून मोकळा झाला. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि काका, हे सगळं मला त्याच्याकडून वारशात मिळालं.

सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी अकराला. गल्लीत पाणी यायचा दिवस असला तर साडेअकराला, पण मग तसं आदल्या खेपेला कळवून ठेवलेलं असायचं. हातात कापडी पिशवी. पिशवीत नोंदवही, शाईचा पॅड आणि स्वतः करून घेतलेला रबरी शिक्का. मी त्यांचा मेल उघडायची. जे काही आलं असेल ते सगळं छापून द्यायची. काका प्रत्येक कागदावर ‘आवक’ असा शिक्का मारायचे, फुंकर घालून वाळवायचे, क्रमांक टाकायचे. मग उत्तर सांगायचे, मी टाइप करायची, पाठवायची. पत्र गेलं की वहीत जावक क्रमांक.

आता तुम्ही म्हणाल, त्यांना लिहायचं कोण? कुणी नाही! एक नाव-नोंदणी कंपनी तेवढी लिहायची. त्यांचं आडनाव आणि पुढे डॉट कॉम, असं एक नाव त्या कंपनीकडे नोंदवलेलं होतं आणि त्याच नावावर त्यांचा मेलचा पत्ता होता. ही कंपनी आठवड्यातून दोन-तीन पत्रं सोडायची. आणखी एक नाव घ्या, सणाची सवलत घ्या, तुमचं मत कळवा. काका प्रत्येकाला उत्तर द्यायचे. “महोदय, आपले सवलतीचे पत्र मिळाले. आठवण ठेवलीत, आभारी आहे. तूर्त एक नाव पुरेसे आहे. कळावे.”

“काका,” मी सुरुवातीला म्हणायची, “खाली काय लिहिलंय बघा तरी. या पत्त्यावर उत्तर देऊ नका. हे मशीन पाठवतं. तिकडं वाचायला कुणी बसलेलं नसतं.”

“उत्तर देऊ नका म्हणणं हा त्यांचा विनय झाला,” ते म्हणाले. “म्हणून आपण उत्तर न देणं हा आपला उद्धटपणा होईल.”

“आणि नाहीच वाचलं कुणी तर?”

“वाचणं हे त्यांच्या टेबलाचं काम, ताई. माझ्या टेबलावरून कागद गेला.”

यावर काय बोलणार, कपाळ? समोर फॉर्मवाल्यांची रांग लागलेली, प्रिंटर अडकलेला, आणि मी मशीनला आभाराचं पत्र टाइप करत बसलेली. मनात शिव्या देत टाइप करायची. पण करायची. मला वाटतं, तिथंच माझं चुकलं.

फोनचा त्यांना राग होता. “फोनला पोच नसते,” म्हणायचे. लग्नाची पत्रिका आली की शुभेच्छांचं पत्र टपालानं. निवडणुकीत कुणी दारात पत्रक टाकलं की त्या उमेदवाराला उत्तर, “आपले आवाहन पोहोचले. विचाराधीन आहे.” गल्लीतली पोरंटोरं हसायची. काकांना त्याचं काही वाटत नव्हतं. आपण हसण्यासारखं काही करतोय हेच त्यांना माहीत नव्हतं.

एकदा त्यांच्या घरी गेले होते. ते दोन खेपा आले नाहीत म्हणून बघायला गेले. ताप होता, आता बरं आहे म्हणाले. एकटाच माणूस. लग्न केलेलं नाही, आई वारलेली. दोन खोल्या, ताटलीत कडक भाकरीचे तुकडे आणि वाटीत शेंगा चटणी. दाराच्या आत खिळ्याला सुतळीनं एक वही टांगलेली. मी आत आले तसे चष्मा लावून त्यांनी त्यात लिहिलं, ‘आवक : संगणक केंद्राच्या ताई, १०.४०.’

मग ते चहा करायला आत गेले आणि मी ती वही चाळली. चाळायला नको होती. गॅसवाला आला, गॅसवाला गेला. मीटरवाला आला, गेला. शेजारची शेळी आली, गेली. आणि मधल्या सगळ्या दिवसांपुढे एकच शब्द, ‘निरंक’. कचेरीच्या भाषेत काहीच नाही याला निरंक म्हणतात. निरंक, निरंक, निरंक. पानंच्या पानं. प्रत्येक निरंकाखाली झोकदार सही. उठावंसं वाटलं आणि उठवेना. कारण माझ्या नावापुढचा जावकचा रकाना मोकळा होता, आणि तो भरायची त्या माणसाला काही घाई दिसत नव्हती.

त्या दिवशी मी काहीतरी विचारायला हवं होतं. कुणी भाऊबहीण आहे का, कुणाला कळवू का. नाही विचारलं. दुकान उघडं टाकून आलेय म्हटलं आणि निघाले.

विचारायची वेळ आली ती त्यांचा मेल बंद पडला तेव्हा. गुरुवार होता. पासवर्ड घातला तर खातंच नाही. त्यांचं ते डॉट कॉम उघडून बघितलं, तर तिथं कुठल्यातरी परक्या जाहिराती. मालकानं धंदा बंद केला तेव्हा मुदत वाढवणारं कुणी उरलंच नव्हतं. मला वाटलं मालकानं सोय लावली असेल, मालकाला वाटलं मी बघेन. आणि कंपनी महिनाभर मुदत संपतेय, मुदत संपतेय म्हणून काकांना पत्रं पाठवत होती. काकांनी प्रत्येक पत्राला उत्तर दिलेलं. “नूतनीकरण करावे, ही विनंती.” जावक क्रमांकासकट! वाचणारं कुणी नसलेल्या पत्त्यावर! आणि ती उत्तरं टाइप कुणी केली होती? मी. इंग्रजी पत्र धड न वाचता, त्यांनी सांगितलं तसं, या बोटांनी.

मी सगळं कबूल केलं. वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे आता या पत्त्यावर कुणी पत्र टाकलं तर?”

“परत जाईल.”

“काय लिहून परत जाईल?”

“असा पत्ता अस्तित्वात नाही, असं.”

काका खाली बसले. आवक-जावकवाल्या माणसाला याच्याहून वाईट काय ऐकवणार होते मी? मग म्हणाले, “तम्मा पत्र टाकील की, ताई. त्याला वाटेल मी पत्ता मोडला.”

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आमच्या घरात तेलुगू बोलतात, आमच्यात तम्मुडु म्हणतात, म्हणून मला सांगावं लागलं नाही. पण काकांना भाऊ आहे हे मला तेव्हा, इतक्या वर्षांनी कळलं. चांगला वीस वर्षांनी धाकटा. बाप लवकर गेला, यांनीच वाढवलं, शिकवलं. कॉम्प्युटरचं वेड त्याला. बेंगळुरूला नोकरी लागली आणि काकांच्या निवृत्तीला त्यानं आमच्याच दुकानातून हे नाव घेऊन दिलं होतं. म्हणाला, आता आपल्या घराला कायमचा पत्ता झाला, मी कुठंही असलो तरी तुला इथं लिहीन. पुढे तो परदेशी गेला म्हणतात. कुठं ते माहीत नाही. अकरा वर्षांत बोलणं नाही. त्याच्याकडे काकांचा हा एवढाच पत्ता.

म्हणजे ही सोमवार-गुरुवारची सगळी पूजा त्याच्या एका पत्रासाठी होती. बाकीची उत्तरं म्हणजे दार उघडं असल्याची खूण. मी मात्र समजत होते, म्हाताऱ्याला चाळा लागलाय.

कंपनीला फोन लावला. माझा फोन, माझ्या टेबलावर, स्पीकर चालू. एक दाबा, दोन दाबा, मग वाट बघायला लावणारी गाणी. काका खुर्चीच्या टोकावर बसून ती गाणी अदबीनं ऐकत होते. शेवटी एक मुलगी आली. तक्रारीला नंबर देते म्हणाली आणि नंबर सांगितला, तसे काका खूश! “बघा, प्रत्येक अर्जाला क्रमांक आहे. ही माणसं नीट आहेत.” त्यांनी तो नंबर वहीत उतरवून घेतला.

मुलगी हिंदीत बोलत होती. महिन्याभराच्या आत सोडवून घेतलं नाही तर नाव बाजारात जाईल म्हणाली, मग कुणीही घेईल. या डॉट कॉमच्या मालकाचं नाव काय? काकांनी आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं खणखणीत सांगितलं.

“सर, यहाँ मालिक का नाम ये नहीं है,” ती म्हणाली. “यहाँ सिर्फ़ ‘अण्णा’ लिखा है.”

अण्णा म्हणजे कानडीत थोरला भाऊ. तेलुगूतही तेच. मालकाचं नाव या चौकटीत त्या शहाण्या तम्मानं ‘अण्णा’ लिहिलं होतं, आणि आडनावाच्या चौकटीत, ती रिकामी ठेवता येईना म्हणून, परत ‘अण्णा’. आमच्याकडं हे असंच चालतं. दुकानाच्या पाटीपासून रेशनकार्डापर्यंत माणसाला घरात जे म्हणतात तेच लिहून मोकळे. मी कपाळाला हात लावला. काका मात्र फोनकडे बघत बसले.

“आप ही अण्णाजी हैं?” मुलीनं विचारलं.

“हां,” काका म्हणाले.

“तो फिर अण्णा नाम का कोई प्रूफ़ भेजिए.”

ज्या मेलवरून हे नाव घेतलं होतं त्या मेलवर आम्ही एक दुवा पाठवतो, असंही ती म्हणाली. त्या माणसानं तो दाबला तरी काम होईल. ते खातं भावाचं होतं. काकांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. “त्याला गेलं? मग तो उघडेल. माझं नाव बघेल त्यात.” पुढचे तीन दिवस ते रोज आले, वार मोडून आले. रोज आम्ही फोन लावायचो, रोज कुणीतरी सांगायचं, दुवा उघडलेला नाही.

“खातं बंद असेल, काका. एवढ्या वर्षांचं.”

“कंपनीचं पत्र आहे म्हणून उघडलं नसेल. माझं असतं तर उघडलं असतं.”

मग कोर्ट. माझंच डोकं चाललं. प्रतिज्ञापत्र करू म्हटलं. कागदावर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की आपल्याकडं ‘दोन्ही नावांचा इसम एकच’ असं लिहून शिक्का घेतातच. मार्चचं ऊन, कोर्टाच्या आवारात लिंबाखाली नोटरीचं टेबल. नोटरीनं मजकूर वाचला आणि चष्मा कपाळावर ढकलला.

“अण्णा हे नाव हाय का काय, काका? आमच्या गल्लीत पाच अण्णा हायत.”

“माझं तेच नाव लागलंय,” काका म्हणाले.

“तुमाला तर सगळे जावक काका म्हनतात. मी बी तेच म्हनतो. अण्णा कोन म्हनतंय?”

“धाकटा भाऊ.”

“मग त्याला आणा की साक्षीला! दोन मिंटाचं काम हाय.”

काकांनी पिशवीचे बंद नीट केले. मी म्हटलं, “भाऊ परदेशी आहे, तुम्ही शिक्का मारा.” जरा जोरातच म्हटलं. त्या बिचाऱ्या नोटरीची काय चूक? त्यानं शिक्का मारला. ‘मला अण्णा या नावाने संबोधण्यात येते. अण्णा व मी एकच इसम आहे.’ काकांनी खाली सही केली, आणि रिक्षात तो कागद परत परत उघडून वाचला.

तेवढ्यानं भागलं नाही. कंपनीकडून उत्तर आलं, प्रतिज्ञापत्र मिळालं, पण सोबत या नावानं तुम्हाला लिहिलेलं एखादं जुनं पत्र हवं. मुदतीचे नऊ दिवस राहिले होते. मी म्हटलं, “काका, जन्मभर कागद सांभाळलेत. अण्णा म्हणून लिहिलेलं एक तरी असेल की?”

“एक आहे,” ते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी मीच गेले. भिंतीच्या वहीत माझी आवक लिहिली. मग त्यांनी ट्रंकेतून जुनी नोंदवही काढली आणि तीत जपून ठेवलेला एक कागद. मेलची छापील प्रत, मी दुकानात यायच्या आधीची, रोमन अक्षरांत कानडी. वर ‘आवक’ शिक्का, क्रमांक, तारीख, सगळं जिथल्या तिथं. मजकूर एकाच ओळीचा. मला कानडी थोडंफार कळतं, पण मी त्यांनाच वाचायला लावलं.

“अण्णा, दिवाळीला येऊ का?”

वहीत त्या क्रमांकापुढे जावकचा रकाना होता. कोरा. मी मागची पानं बघितली, पुढची बघितली. टाल्कम पावडरच्या जाहिरातीला उत्तर, बँकेच्या कर्जाला उत्तर, चुकून आलेल्या दुसऱ्याच कुणाच्या पत्राला उत्तर. सगळ्या वहीत कोरा रकाना तेवढा एकच.

“काका, याला उत्तर नाही दिलं?”

तेव्हा त्यांनी आईचं सांगितलं. आई सकाळी वारली. यांनी सगळ्यांना वेळ कळवली, दुपारी तीन. तम्मा बेंगळुरूहून बसनं निघाला होता, वाटेत बस बिघडली. लोक म्हणाले, थांबू या की थोडं. हे म्हणाले, वेळ कळवून झालीय. तीनला नेलं, त्यांच्यात पुरतात तसं पुरलं. तो सहाला पोचला. मातीपाशी बसून राहिला. एवढंच म्हणाला, अण्णा, तीन तास थांबायचं होतंस की रे. आणि हे त्याला काय म्हणाले असतील? “सगळ्यांना तीनचीच वेळ कळवली होती.” आल्या पावली तो परत गेला. पाच महिन्यांनी हे पत्र आलं.

“राग होता तुम्हाला?”

“राग कसला, ताई. माझंच चुकलेलं. काय लिहावं तेच सुचेना.” ते वहीवर हात फिरवत होते. “कचेरीत उत्तर साहेब लिहायचा. मी फक्त पाठवायचो. जाहिरातीचं सोपं असतं. हे कसं लिहायचं, ते मला कुणी शिकवलंच नाही. आज लिहू, उद्या लिहू म्हणता दिवाळी झाली. दिवाळी झाल्यावर ‘ये’ कसं लिहिणार?”

मी रागीट बाई आहे. माझ्या तोंडावर आलं होतं, की अहो, पुढच्या वर्षी दिवाळी येत नव्हती काय! नाही बोलले. कागद घेतला, स्कॅन केला, पाठवला.

मुदतीला चार दिवस असताना नाव सुटलं. जुना मेल सगळा गेला होता, मी त्याच पत्त्यावर नवं खातं उघडून दिलं. किती वर्षांसाठी आणि कोणत्या नावावर पुढे ठेवायचं, एवढं विचारायला कंपनीचा फोन यायचा राहिला होता. काका सोमवारी आले, अकराला. पण त्या दिवशी वही काढली नाही.

“एक उत्तर द्यायचं राहिलंय,” म्हणाले.

भावाचा पत्ता टाकला. विषय, ‘दिवाळीस येणेबाबत’. संदर्भ, ‘आपले पत्र’, आणि पुढे अकरा वर्षांपूर्वीची तारीख. मी एका शब्दानं टोकलं नाही. मग मजकूर सांगायची वेळ आली आणि ते थांबले. दुकानात गिऱ्हाईक आलं, मी “नंतर या” म्हणून घालवलं. दुसरं आलं, त्यालाही घालवलं. शेवटी त्यांनी एक अक्षर सांगितलं.

“बा.”

कानडीत बा म्हणजे ये. मी टाइप केलं. खाली ‘अण्णा’ लिहिलं. पाठवलं.

काकांनी श्वास सोडला तोच कॉम्प्युटर वाजला. नवीन पत्र. अर्धं मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

“आलं?” ते म्हणाले. “इतक्यात आलं? बघा, बसूनच होता की हो तो!” आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला, घाईघाईनं, धोतराच्या सोग्यानं. असा आनंद मी त्या माणसाच्या तोंडावर कधी बघितला नव्हता. आणि स्क्रीन माझ्या बाजूला होता. मी वाचलं होतं.

मला सांगता आलं नाही. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा चांगलं यायचं. त्यांनी वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. या पत्त्यावर कुणी नाही. पत्र देता आलं नाही.

“बरोबर आहे,” म्हणाले. “अकरा वर्षं कोण थांबतं?”

मी म्हटलं, आपण शोधू, आजकाल माणूस सापडतो, फोटोसकट सापडतो. त्यांनी मान हलवली. ज्यानं स्वतःचा पत्ता आपल्याला दिलेला नाही त्याच्या दारात जाऊ नये म्हणाले. मी नंतर चोरून शोधलं. त्या नावाचे बरेच निघाले. तिघांना लिहिलं. दोघांनी आपण ते नव्हे म्हणून कळवलं, तिसऱ्यानं काहीच नाही. काका वारले तेव्हा त्या तिसऱ्याला परत लिहिलं. त्याचंही काही आलं नाही.

पण मी त्या सोमवारचं सांगत होते. आम्ही दोघं तसेच बसलो होतो आणि माझा फोन वाजला. कंपनीची तीच मुलगी. मी स्पीकर लावला.

“अण्णाजी बोल रहे हैं?”

काका उठून उभे राहिले. “हां. बोल रहा हूँ.”

ती म्हणाली, आता तुमची ओळख पटली आहे, तेव्हा मालकाच्या नावात आधारवरचं पूर्ण नाव घालून देते, म्हणजे पुढे कधी असा त्रास व्हायचा नाही. मी मान डोलावली, हो म्हणा, हो म्हणा अशी खूण केली.

“नहीं,” काका म्हणाले. “बदलना मत. वही रखो.”

“ठीक है, अण्णाजी. और कितने साल के लिए रखना है? एक साल, दो साल? ज़्यादा से ज़्यादा दस साल मिलता है.”

काका तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

“दस,” ते म्हणाले.

“दस साल. हो गया, अण्णाजी. और कोई मदद, अण्णाजी?”

काका फोनकडे आणखी वाकले. तिनं थोडा वेळ वाट बघितली, धन्यवाद म्हणाली आणि फोन ठेवला. मी खुर्ची पुढे सरकवली. काका बसले नाहीत. बंद झालेल्या फोनकडे बघत ते उभेच होते.